ताप नसला तरी श्वास मोजा

चार वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवरचा ताबा कमी असणे) आहे, तो बोलत नाही, एरवीही त्याचा घसा घरघरतो, मग छातीत संसर्ग झाल्याचे ओळखायचे कसे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीलाही सेरेब्रल पाल्सी असून न्यूमोनियामुळे तिला दोनदा दाखल करावे लागले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वेळी आम्ही तापाची वाट पाहिली आणि ताप आलाच नाही. दोन दिवस ती खिमटीचा घास गालात नुसता धरून ठेवत होती, दिवसाही झोपत होती आणि थांबलेले फिटचे झटके पुन्हा येऊ लागले होते. औषधाची मात्रा कमी पडत असावी, असे आम्हाला वाटले. आपल्या मुलांचा खोकला क्षीण असतो, त्यामुळे कफ बाहेर पडत नाही, आणि अन्न किंवा लाळ श्वासनलिकेत उतरली तरी कित्येकदा ठसकाही लागत नाही.

म्हणून मूल बरे असतानाच, ते शांत झोपलेले असताना, पोटावर हात ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा आणि आकडा लिहून ठेवा. घरघर रोजचीच असली तरी हा आकडा बदलला की लगेच कळते. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला 40 किंवा त्याहून अधिक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. माझ्या मते ऑक्सिमीटरपेक्षा ही मोजणी अधिक भरवशाची आहे, कारण हात थरथरत असेल किंवा बोटे गार असतील तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो. शिवाय अनेकदा ऑक्सिजन खाली येण्याच्या आधीच श्वास वाढलेला असतो.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा उठवूनही ते नीट जागे होत नसेल, तर मात्र मोजत बसू नका. 108 ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. अशा वेळी तोंडाने काहीही भरवू नये.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत मूल कधी कधी शांत होते, त्यामुळे उघड्या छातीचे अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण मोबाइलवर करून न्यावे, आणि "हा नेहमी असा नसतो" हे वाक्य डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे. दुसऱ्या वेळी आम्ही तसेच केले आणि तिच्यावर पहिल्याच दिवशी उपचार सुरू झाले.