कॉलेजात शिकताना फिल्म फोटोग्राफी आणि डार्करूम प्रिंटिंग शिकायचंय, सुरुवात कशी करू?

ब्लॅक अँड व्हाईटपासूनच सुरू कर, कलर नंतर बघू. सेकंडहँड मॅन्युअल एसएलआर (लेन्समधून थेट बघून फोटो काढायचा कॅमेरा) आणि ५० एमएम लेन्स पुरते, पहिले चार-पाच रोल एकाच फिल्मचे घे, मी इल्फर्ड एचपी५ सांगेन, ४०० स्पीडची (म्हणजे प्रकाशाला तेवढी संवेदनशील) आहे आणि एक्स्पोजर थोडं चुकलं तरी सांभाळून घेते. रोल धुवायला, म्हणजे डेव्हलप करायला, अख्खी डार्करूम लागत नाही बरं का, चेंजिंग बॅगमध्ये (उजेड आत न येणारी, हात घालायला बाह्या असलेली पिशवी) हात घालून फिल्म रीळावर चढवायची, ते रीळ डेव्हलपिंग टँकमध्ये ठेवून झाकण लावलं की बाकी सगळं उजेडात. चढवायचा सराव वाया गेलेल्या रोलवर कर, आधी बघून, मग डोळे मिटून. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) डी-७६, एकास एक पाणी, २० डिग्रीला ११ मिनिटं, आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच केवढं गरम येतं त्यामुळे बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून थर्मामीटरने बघायचं, इथे आळस अजिबात नको.

प्रिंटिंगसाठी एन्लार्जर (निगेटिव्हवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) लागतो, तो एखाद्या आर्ट कॉलेजात किंवा जुन्या स्टुडिओत विचार. लाल दिव्यात ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटतो ना, ते एकदा बघच! आधी आरसी पेपर (प्लास्टिकचा थर असलेला फोटो पेपर) वापर, शेवटी पाण्याने दोन मिनिटांत धुऊन होतो. प्रत्येक निगेटिव्हची ५-५ सेकंदांची टेस्ट स्ट्रिप काढ, म्हणजे कागदाच्या पट्टीवर टप्प्याटप्प्याने ५-५ सेकंद जास्त उजेड देऊन योग्य वेळ कुठली ते बघ. आणि वापरलेला फिक्सर (डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारं रसायन) मोरीत ओतू नकोस, त्यात चांदी उतरलेली असते.