दीड वर्षाच्या मुलीला घेऊन नव्या शहरात आले आहे. बागेत इतर आया भेटतात, पण बोलणं ‘किती महिन्यांची झाली?’ याच्या पुढे जात नाही. मैत्री कशी होईल?

बोलणं पुढे सरकत नाही ते बहुतेकदा वेळा जुळत नाहीत म्हणून. तुम्ही आज साडेपाचला जाता, उद्या सातला, समोरचीचंही तेच. आधी वार आणि वेळ पक्की करा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सहा ते पावणेसात, एकच बाग. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला अंदाज असा, की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र जावे लागतात, जवळच्या मैत्रीला २०० हून जास्त. आठवड्याला सव्वादोन तास धरले तर ५० तासांना पाच महिने लागतात. तेव्हा महिन्याभरात निराश होऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत नंबर घ्या, पण कामाच्या निमित्ताने: “उद्या निघालात की मेसेज करा, मीही तेव्हाच येते.” सोसायटीच्या ग्रुपवर मैत्री होत नाही, एकीलाच वेगळा मेसेज करावा लागतो.

मग घरी बोलवा. “या ना कधीतरी” म्हटलं की कुणी येत नाही. “गुरुवारी अकराला या, पोहे करते, साडेबाराला हिला झोपवायचंच आहे” असं सांगा. परत कधी निघता येईल हे कळलं की लहान मूल असलेल्या बाईला हो म्हणणं सोपं जातं. घर फार आवरू नका. तुमचा पसारा पाहिला की तिलाही तुम्हाला बोलवताना संकोच वाटत नाही. मुलीचं लाडकं खेळणं मात्र आधीच कपाटात ठेवा आणि वाट्या, डबे, चमचे जोडीने काढा. या वयात मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात, वाटून घेणं त्यांना अजून जमत नाही. ओढाओढ झाली तर रडणाऱ्याला आधी जवळ घ्या, आणि रागवायचंच तर आपल्या मुलीला, तेही थोडक्यात. तिच्या मुलाला खाऊ देण्याआधी विचारा, विशेषतः शेंगदाणे आणि अंडं.

मैत्री सगळ्यात जास्त तुटते ती तुलनेने. “आमचा अजून बोलत नाही” असं ती म्हणाली, तर तिला काळजी वाटतेय. तिथे “आमची तर वर्षाची असतानाच…” हे वाक्य गिळा, सल्लाही देऊ नका, “डॉक्टर काय म्हणाले?” एवढंच विचारा. आणि मुलांपलीकडचं बोला: माहेर कुठलं, आधी नोकरी कुठे होती. आईला तिच्याबद्दल विचारणारं हल्ली कुणी नसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. त्या दिवसांत मुलीचं बोरन्हाण करा. मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावता येतं आणि कुणाशी सूर जुळतात तेही कळतं.

सर्दी-तापामुळे भेटी रद्द होणारच. पण रद्द करतानाच पुढचा वार सांगा, नाहीतर तिला वाटतं तुम्हाला यायचंच नव्हतं.