ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला आहे: दुरुस्त करावा, बदलावा की गाडी मॅन्युअल करून घ्यावी?

आपण लिहिले आहे की टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनाची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या प्रकारची) आपली गाडी १ लाख १० हजार किलोमीटर चालली आहे, तिसरा गिअर पडताना इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, सर्व्हिस सेंटरने काहीही न उघडता नवा गिअरबॉक्स सुचवला आहे आणि ओळखीचे मेकॅनिक गाडी मॅन्युअल करून देण्यास तयार आहेत. माझी कळकळीची विनंती अशी की, नेमका कोणता भाग गेला आहे हे कळेपर्यंत यापैकी कशालाही होकार देऊ नका. माझ्या गाडीला हेच दुखणे जडले होते तेव्हा माझ्याही हातात संपूर्ण गिअरबॉक्सचे अंदाजपत्रक ठेवले गेले होते. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह बॉडीवरचा (गिअरबॉक्समधल्या ऑईलला वाट देणाऱ्या भागावरचा) एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, अडकत होता आणि गिअरबॉक्स खाली न उतरवता, नुसता चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचे ऑईलचे भांडे) खोलून तो बदलता आला.

सुरुवात गिअरबॉक्सच्या ऑईलपासून करावी. डिपस्टिक असेल तर तिचा, नसेल तर लेव्हल प्लगमधून काढलेला एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहा. लालसर आणि पारदर्शक असेल तर आशा आहे. तपकिरी असून करपल्यासारखा वास येत असेल तर क्लच प्लेट जळाल्या आहेत असे समजावे. गुलाबी दुधासारखे दिसले तर मात्र रेडिएटरमधला, गिअरबॉक्सचे ऑईल थंड करणारा कुलर फुटून कूलंट आत गेले आहे, आणि त्याने प्लेटवरचे अस्तर सुटत असल्यामुळे किरकोळ दुरुस्तीवर खर्च करणे व्यर्थ ठरते. चेंबर खोलताना आपण स्वतः हजर राहा आणि तळाच्या चुंबकावर बोट फिरवून पाहा: राखाडी, मऊ, काजळासारखा लेप ही नेहमीची झीज असते, पण चिमटीत टोचणारे चकचकीत कण लागले तर गिअर किंवा बेअरिंग झिजले आहेत.

त्याच वेळी गाडीने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर लावून कोड लिहून घ्या. पी०७०० हा कोड एवढेच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने दोष नोंदवला आहे. खरी माहिती त्याच्या सोबतच्या कोडमध्ये असते. पी०७५० सोलेनॉइडकडे बोट दाखवतो, तर पी०७३३ तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर जुळत नसल्याचे सांगतो.

दोष सोलेनॉइड, वायरिंग किंवा व्हॉल्व्ह बॉडीपुरता असेल तर दुरुस्तीच करावी. प्लेट जळाल्या असतील आणि बाकीची गाडी सुस्थितीत असेल तर ओव्हरहॉल (गिअरबॉक्स पूर्ण खोलून झिजलेले भाग बदलणे) योग्य, मात्र टॉर्क कन्व्हर्टरही सोबत दुरुस्त किंवा नवा करून घ्यावा, कारण जळालेला कचरा त्यातही साठलेला असतो. आतले गिअर गेले असतील तरच बदलण्याचा विचार करावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून जुना गिअरबॉक्स स्वस्तात मिळू शकतो, पण बाकावर ठेवलेला गिअरबॉक्स कसा चालेल हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून चालवून पाहण्याची मुदत आणि ती उलटण्याआधी परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्या.

मॅन्युअल करण्याच्या मी विरोधात आहे. नुसता गिअरबॉक्स बसवून भागत नाही. फ्लायव्हील, क्लच, पेडल, गिअर लिव्हर, माउंटिंग आणि बहुतेक वेळा ड्राइव्हशाफ्टही बदलावे लागतात. शिवाय इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जुन्या गिअरबॉक्सच्या कंट्रोलरचा शोध घेत राहतो आणि इशाऱ्याचा दिवा विझत नाही. त्याच मॉडेलची मॅन्युअल गाडी सुट्या भागांसाठी मिळाली आणि ईसीयू जुळवणारा जाणकार माणूस सापडला तरच हे शक्य आहे, आणि तेव्हाही विमा कंपनीला आधी कळवावे. घरात कोणाचा डावा गुडघा दुखतो म्हणून ऑटोमॅटिक घेतली असेल, तर हा मार्ग बंदच समजावा.

गिअरबॉक्स दुरुस्त केला काय किंवा दुसरा बसवला काय, कुलर आणि त्याच्या नळ्या साफ करून किंवा बदलूनच जोडायला सांगा. तिथे राहिलेला धातूचा चुरा पहिल्याच फेरीत नव्या प्लेटपर्यंत पोहोचतो.