मात्रा ‘बेतणे’

रुग्णांसाठीची माहितीपत्रकं मराठीत आणणाऱ्या पुण्यातल्या एका वाचकाने विचारलंय: ‘इंडिव्हिज्युअलाइज्ड डोस’ला ‘व्यक्तिगत मात्रा’ म्हणावं का? आणि मुळात मात्रा म्हणजे औषध की त्याचं प्रमाण?

आधी दुसरा प्रश्न. मात्रा शब्दात संस्कृतातला ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू आहे. म्हणून वृत्तात लघूची 1 मात्रा, गुरूच्या 2, आणि त्रितालात 16. पण मराठीत वैद्याने दिलेलं औषधही मात्राच झालं. ‘हेमगर्भाची मात्रा चाटवली’ म्हणताना कोणी माप सांगत नसतं. तेव्हा दोन्ही अर्थ खरे.

मात्र डोससाठी ‘प्रमाण’ लिहू नका. प्रमाण म्हटलं की दुप्पट घातलं तर दुप्पट होणार असं वाटतं, आणि शरीर तसं वागतंच असं नाही. फिट्सवरचं फेनिटॉइन घ्या. यकृताची ते मोडायची ताकद संपत आली की गोळी थोडीशी वाढवली तरी रक्तातली पातळी एकदम उसळते.

आता पहिला प्रश्न. ‘व्यक्तिगत’ मला पटत नाही. व्यक्तिगत कारण, व्यक्तिगत मत. त्यात खासगीपणाचा वास आहे. ‘व्यक्तिसापेक्ष’ बरोबर आहे, पण शोधनिबंधात शोभेल. दवाखान्यात सगळे ‘गोळी सेट करणे’ म्हणतात आणि त्याला माझी ना नाही. तरी एक शब्द आपल्या घरात पडून आहे: बेतणे. शिंपी अंगाचं माप घेऊन कापड बेततो. बेताने खा, बेताचंच मीठ घाल, हेही आपण रोज म्हणतो. माप, अंग आणि अंदाज, तिन्ही त्यात आले.

बेतायची सवय तर आपल्याला जुनीच. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी आजी बाळगुटी उगाळायची ती वेढे मोजून. हळकुंडाचे इतके, मुरुडशेंगेचे इतके. मूल मोठं होईल तसा एखादा वेढा वाढायचा. काकूने एकदा थोरल्याच्या सवयीने धाकटीचेही तेवढेच वेढे घेतले, तर आजीने सहाणेवरचा तिचा हात धरला. “अगं, महिन्याचं पोर ते!”

हेच आत्याच्या वेळी आकड्यांत पाहिलं. वय 78, वजन 50 किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) 1.2. एवढासा आकडा बघून आम्हाला हायसं वाटलं होतं. डॉक्टरांनी कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. 140 मधून वय वजा, गुणिले वजन, भागिले (72 गुणिले क्रिएटिनिन), आणि बाईमाणूस म्हणून उत्तराला 0.85 ने गुणायचं. 1976 सालचं कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं हे सूत्र. उत्तर, म्हणजे मूत्रपिंडाची गाळायची ताकद, आलं मिनिटाला साधारण 30 मिलिलिटर. मग त्यांनी शेजारी तीस वर्षांचा, 70 किलोचा, याच 1.2 क्रिएटिनिनचा पुरुष मांडला. त्याचे आले 89! रक्ताचा आकडा तोच, पण गाळायची ताकद जवळजवळ तिप्पट.

आत्याला हृदयासाठी डिगॉक्सिन चालू होतं. त्याचा बराच भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड चांगलं असेल तर रक्तातली पातळी निम्म्यावर यायला दीड-दोन दिवस लागतात. ते थकलं की हा काळ लांबतो आणि रोजची तीच गोळी अंगात साठत जाते. आधी मळमळ, अन्नावरची वासना जाते, मग हृदयाचे ठोके बिघडतात. “आजी, तुमची गोळी जरा सेट करू,” एवढंच डॉक्टर म्हणाले आणि मात्रा निम्मी केली. अंगाला न बेतलेली मात्रा जिवावर बेतते. एकाच क्रियापदाची ही दोन टोकं मला त्या दिवशी प्रथम जाणवली.

आणखी एक. ‘लागू पडणे’, ‘मानवणे’, ‘बाधणे’ ही क्रियापदं पत्रकातून गाळू नका. औषध कुणाला मानवतं, कुणाला बाधतं, हे त्यांत आधीच गृहीत आहे. ‘दुष्परिणाम संभवतात’ वाचून जे कळत नाही ते ‘हे औषध बाधू शकतं’ वाचून लगेच कळतं.

मी असं लिहीन: ‘तुमचं वय, वजन आणि मूत्रपिंडाचं काम पाहून ही मात्रा तुमच्यासाठी बेतली आहे. ती स्वतःहून वाढवू किंवा कमी करू नका. दुसऱ्या कुणाला लागू पडली म्हणून त्याची मात्रा घेऊ नका.’ पहिल्यांदा येईल तिथे ‘मात्रा (डोस)’ असं छापा, पुढे नुसतं मात्रा चालेल.