मंडळी फुटली आहे, तर मी घरीच उपासना का करू नये?

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. तुम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहात आणि तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांपासून तुमचे घराणे एकाच चर्चमध्ये जाते. दोन वर्षांपूर्वी पंच कमिटीच्या निवडणुकीवरून आणि चर्चच्या आवारातील गाळ्यांच्या भाड्याच्या हिशेबावरून मंडळीत दोन गट पडले, प्रकरण कोर्टात गेले, आणि आता रविवारी एक गट डावीकडच्या बाकांवर तर दुसरा उजवीकडच्या बाकांवर बसतो. जून महिन्यात तुमच्या सासूबाई पडल्या, त्यांचे खुब्याचे हाड मोडले, आणि तीन महिने त्या अंथरुणाला खिळून असताना मंडळीतले कोणी फिरकले नाही. शेजारच्या काकू, ज्यांचा चर्चशी काहीही संबंध नाही, त्या मात्र दर गुरुवारी भाकरी आणि पिठले घेऊन येतात. आता तुम्ही विचारता की प्रभूवर विश्वास असताना, घरी बायबल असताना आणि मोबाईलवर चांगली प्रवचने ऐकायला मिळत असताना चर्चला जायचेच कशासाठी. तुमचे पती बायबलातील इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायाचे, ‘एकत्र मिळणे’ सोडू नका हे वचन दाखवून तुम्हाला बळेच नेतात. आणि तुमची चौदा वर्षांची मुलगी म्हणते की तिला दृढीकरण, म्हणजे आपला विश्वास मंडळीपुढे स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी, घ्यायचेच नाही.

तुमच्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टींपेक्षा हंगामाच्या उपासनेचा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तुम्ही पाच किलो बाजरी निवडून, नव्या फडक्यात बांधून अर्पण म्हणून नेलीत. उपासनेत आलेल्या अर्पणांचा लिलाव होतो, आणि अशा लिलावात एरवी एखादे लिंबूसुद्धा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जाते, कारण घेणारा वस्तू घेत नसतो, अर्पण करत असतो. तुमचे गाठोडे पुढे आले तेव्हा मात्र दुसऱ्या गटाच्या बाकांवरून कोणी बोली लावली नाही, तुमच्या बाजूचेही गप्प बसले, आणि शेवटी तुमच्या पतीनेच ती बाजरी विकत घेऊन घरी आणली. ते गाठोडे तुम्ही अजून सोडलेले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. हा अपमान लहान नाही, आणि तो विसरून जा असे मी सांगणार नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण आधी शब्दाकडे पाहू. नव्या करारात ज्या जागी इंग्रजी बायबल ‘चर्च’ म्हणते, तिथे मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ आहे. ग्रीक नगरांत नागरिकांच्या सभेला हाच शब्द वापरत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसच्या नाट्यगृहात जमलेल्या गोंधळी जमावालासुद्धा हाच शब्द लावला आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात देवाने एकत्र बोलावलेल्या इस्राएली लोकसमुदायासाठी तो येतो. इमारतीसाठी तो नव्या करारात एकदाही आलेला नाही. आपल्या भाषांतरकारांनी त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द निवडला, आणि मला तो फार योग्य वाटतो, कारण मराठीत ‘घरची मंडळी’ म्हटले की भिंती आणि छप्पर डोळ्यांपुढे येत नाही, पंगतीला कोण कोण बसणार आहे ते येते. गाळे, आवार, कमिटीचा शिक्का या मंडळीच्या वापरातल्या वस्तू आहेत. तुमच्या गावात भांडण त्या वस्तूंवरून पेटले आणि मंडळी कोणाला म्हणावे हेच लोक विसरले.

आता करिंथ या प्राचीन ग्रीक नगराकडे वळू, कारण तुमच्या गावची कहाणी तिथे जवळजवळ जशीच्या तशी सापडते. प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिले पत्र इसवी सन ५४ च्या सुमारास लिहिले. तिथल्या मंडळीत कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा, आणि ही बातमी ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी पौलापर्यंत पोहोचवली होती. भाऊबंद एकमेकांना न्यायालयात खेचत होते. आणि अकराव्या अध्यायात तर अशी गोष्ट आहे की ती वाचताना आजही मान खाली जाते. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, तेव्हा खरोखरीचे जेवण होते. ज्यांच्याकडे भरपूर होते ते आपापले अन्न आधीच खाऊन घेत, आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. रविवार त्या काळी सुट्टीचा दिवस नव्हता. ती सुट्टी सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन ३२१ मध्ये दिली. त्यामुळे मालकाचे काम उरकून उशिरा येणाऱ्या दासाच्या वाट्याला रिकामी भांडी येत असणार, असे समजायला जागा आहे. पौल त्यांना स्पष्ट सांगतो की तुम्ही जमता त्यात तुमचे हित होत नाही, अहितच होते, आणि हे जे तुम्ही खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच.

पुढचे वाक्य तुम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. प्रभूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली, हे शब्द पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या वेळी दर वेळी उच्चारतात. शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या जीवनाची पुस्तके, लिहिली जाण्याच्याही आधीचे, प्रभुभोजनाचे सर्वांत जुने लेखी वर्णन ते हेच, आणि ते या खरडपट्टीच्या मधोमध आले आहे. आपण ते शब्द इतक्या शांत स्वरात ऐकतो की ते एका फुटलेल्या, उपाशी माणसांना लाजवणाऱ्या मंडळीला उद्देशून लिहिले होते, हे आपल्या ध्यानातच येत नाही. आणि एवढे रागावल्यावर पौल उपाय काय सांगतो? एकमेकांसाठी थांबा, म्हणजे जेवायला बसण्याआधी सगळे येऊ द्या. पुढच्याच अध्यायात तो शरीराचा दृष्टान्त देतो, ज्यात डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही. मंडळीचा हेतू मला या दोन ठिकाणी सर्वांत स्पष्ट दिसतो: जी माणसे एरवी एका पंगतीला बसली नसती त्यांनी प्रभूच्या नावाने एकत्र बसावे, आणि एकाला दुखले तर सगळ्यांना कळावे. उपदेश, स्तुती, प्रार्थना, सुवार्ता ही सारी मंडळीची कामे आहेतच, परंतु पौलाच्या लेखी एक माणूस उपाशी बसला असेल तर बाकीच्यांच्या जेवणाला प्रभूचे नाव लावता येत नाही.

म्हणून तुमच्या पतींना माझे नम्र सांगणे आहे की इब्री लोकांस पत्रातील ते वचन त्यांनी एक ओळ आधीपासून वाचावे. ‘एकत्र मिळणे’ सोडू नका असे लेखक म्हणतो, पण त्याआधी तो म्हणतो की प्रीतीला आणि सत्कर्मांना उत्तेजन मिळेल अशा रीतीने एकमेकांकडे लक्ष द्या. ज्या मंडळीने तीन महिने एका म्हातारीकडे लक्ष दिले नाही, तिने त्या वचनाचा पहिला अर्धा भाग मोडला आहे. अशा वेळी दुसरा अर्धा भाग सुनेच्या अंगावर टाकणे मला मान्य नाही. बायकोला हाताला धरून बाकावर बसवल्याने मंडळी होत नाही.

पण भगिनी, तुमच्याही बाबतीत मला एक गोष्ट बोलायची आहे. घरी उपासना करणे यात गैर काही नाही, उलट पहिल्या मंडळ्या घरांतच भरत. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी मंडळी जमे, फिलेमोनाच्या घरी जमे. ख्रिस्ती उपासनेसाठी खास राखलेली जी सर्वांत जुनी वास्तू उत्खननात सापडली आहे, ती सिरियातील दुरा-युरोपोस येथील, इसवी सन २४० च्या सुमाराची आहे, आणि तेही मुळात राहते घरच होते, मधली भिंत पाडून मोठे केलेले. परंतु त्या सगळ्या घरांचे दार उघडे होते. तुम्ही जे मागता आहात ते दार लावून घेतलेले घर आहे, ज्यात मोबाईलवरचा उपदेशक तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही त्याला ओळखत नाही, आणि तुमच्या सासूबाईंचे हाड मोडले हे त्याला कधीच कळणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती प्रवचने मोठा आधार देतात. हिंडत्याफिरत्या माणसाने त्यांवरच भागवले, तर ज्या उपेक्षेची तुम्ही तक्रार करता तीच उपेक्षा तुमच्या हातून दुसऱ्या कोणाची तरी होईल. डावीकडच्या बाकांवरही कोणी विधवा, कोणी आजारी असेल, आणि तिच्याकडेही तुमच्या बाजूचे कोणी गेले नसेल. त्याविषयी तुमच्या पत्रात एक ओळही नाही.

हिशेबाचे काय? येथे तुम्हाला गप्प बसायला सांगणारे लोक भेटतील, आणि ते पवित्र शास्त्राचाच दाखला देतील. पण यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होऊ लागली, तेव्हा त्या लोकांनी कुरकुर केली. प्रेषितांनी त्यांना फूट पाडणारे ठरवले नाही. त्यांनी सर्वांना बोलावून सात माणसे निवडायला लावली, आणि स्तेफनापासून निकलावापर्यंत त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी घेऊन निघाला तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्याने बरोबर घेतला, आणि कारण लिहून ठेवले की आम्ही प्रभूपुढेच नव्हे, माणसांपुढेही निर्दोष असावे. तेव्हा गाळ्यांच्या भाड्याचा हिशेब मागणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. तो उघडपणे, लेखी, आणि दोन्ही गटांच्या वतीने मागा. खटल्याबद्दल पौलाचे मत कडक आहे, अन्याय सोसलेला बरा असे तो म्हणतो, आणि जमिनीच्या वादात मला ते मत पटते. मात्र कोणाच्या अंगाला हात लागला असेल, मुलांना इजा झाली असेल, तर ते वचन ढाल म्हणून पुढे करू देऊ नये. तिथे पोलिसांकडे जावे, आणि अशा मंडळीतून निघूनही जावे.

महाराष्ट्रात हा प्रश्न पडलेल्या तुम्ही पहिल्या नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बंधुभावाने राहावेत अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते वारले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की संस्थेला कंटाळलेला तो माणूस एकटा घरी बसला नाही, त्याने माणसे जमवली. तुमच्या शेजारच्या काकूंची भाकरी वाचताना मला तो दरबार आठवला.

मुलीचे दृढीकरण यंदा राहू द्या. तिला उत्तर पाठ करायला लावू नका. फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय तिच्यासोबत वाचा, जिथे पौल युवदीया आणि सुंतुखे या भांडलेल्या दोन बायकांना नावानिशी विनंती करतो की एकचित्त व्हा. त्याने त्यांना मंडळीतून काढले नाही, त्यांचे भांडण लपवलेही नाही, आणि सुवार्तेच्या कामी या दोघींनी माझ्याबरोबर श्रम केले आहेत असे लगोलग लिहिले. चौदा वर्षांच्या मुलीला एवढे कळते की ही खरी माणसे होती. तिचा निर्णय ती तिच्या वेळेने घेईल.

आता येत्या आठवड्यात करायची गोष्ट. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने सम्राटाला लिहिले की आम्ही रविवारी जमतो, शास्त्र वाचतो, भाकर व प्याला घेतो, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवकांच्या हाती वाटा पाठवतो. तुमच्या सासूबाईंचा तो वाटा तीन महिने राहून गेला आहे. पाळकसाहेबांना भेटा आणि घरी येऊन त्यांना प्रभुभोजन द्यायला सांगा. येताना उजवीकडच्या बाकांवरचा एक आणि डावीकडच्या बाकांवरचा एक वडीलधारा माणूस बरोबर आणा, अशी अट घाला. एखादा यायला तयार झाला नाही तर त्याच्या घरी तुम्ही स्वतः जा, त्याच्या घरातले आजारी माणूस कोण आहे ते विचारा, आणि मग पुन्हा बोलावा. शेजारच्या काकूंना त्या दिवशी दुपारी जेवायला बोलवा, गुरुवार नसला तरी. आणि ते बाजरीचे गाठोडे सोडून, दळून आणून, त्याच भाकऱ्या करा. सगळे येईपर्यंत कोणाला वाढू नका.

तुमची,
मावशी