ऑफिसातल्या गिफ्ट एक्स्चेंजसाठी हसवणारी, पण कोणाला लागणार नाही अशी भेट काय द्यावी?

'कोणाला लागणार नाही' असं लिहिलंत म्हणून उत्तर द्यायला बसलो. एरवी असल्या प्रश्नाला लोक 'प्लास्टिकची पाल द्या' म्हणून मोकळे होतात.

माझी उंची पाच फूट दोन इंच. आधीच्या ऑफिसात डिसेंबरात सीक्रेट सँटा असायचं, म्हणजे चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला आपलं नाव न सांगता भेट द्यायची. एका वर्षी माझ्या नावाचं भलंमोठं खोकं आलं. सगळे भोवती जमले. कागद फाडला तर आत लहान मुलांचं निळं प्लास्टिकचं स्टूल, बेडकाच्या तोंडाचं. त्यावर मार्करने लिहिलेलं, 'वरच्या कप्प्यासाठी'. अख्खा मजला हसला. मीही हसलो, तिथे दुसरं करणार काय? देणारा कोण ते लगेच कळलं, कारण सगळ्यात मोठ्याने तोच हसत होता. नंतर चहाच्या वेळी त्याला गाठलं, तर म्हणे, "अरे, समोरच्याची थोडी फजिती व्हायलाच हवी, नाहीतर मग सरळ कॉफीचा मग द्यावा."

मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्या दिवशी स्टुलाला कोणीही हसलं नव्हतं.

१९७५ साली गॅरी डाल नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने 'पेट रॉक' विकायला काढला. साधा गुळगुळीत दगड. पण खोक्याला श्वासासाठी भोकं, आत गवताचं अंथरूण आणि दगड कसा पाळायचा याची ३२ पानी पुस्तिका. दहा लाखांच्या वर दगड खपले! सगळी गंमत त्या पुस्तिकेत होती, आणि त्यात कोणाच्या अंगाचं माप काढलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आमच्याकडे व्हाइट एलिफंट ठेवलं. त्यात आपलं गिफ्ट कोणाच्या हाती लागेल ते ठाऊक नसतं, वर दुसऱ्याने उघडलेलं हिसकावताही येतं. मी घरातला मेलेला टीव्ही रिमोट घेतला, स्पिरिटने पुसला आणि बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: 'मुद्द्यावर या', 'हे कालच झालंय', 'जेवायची वेळ'. सोबत चार पानी माहितीपत्रक. त्यातली एक सूचना अशी: 'बटण दाबूनही बोलणारा थांबत नसल्यास सेल बदला. तरीही न थांबल्यास नोकरी बदला.' रिमोट तीनदा हिसकावला गेला. तिसऱ्यांदा आमच्या साहेबांनी घेतला आणि जानेवारीभर आमच्यावरच रोखत बसले. स्टूलवाल्याने त्या वर्षी शिंगांची टोपी आणली होती. ती ज्याला मिळाली तो ती टेबलावरच विसरून गेला. मी हे त्याला बोलून दाखवलं नाही. इथे लिहितोय तेवढंच.

तर तुमच्याकडे सगळ्यांना मिळून जे छळतं ते शोधा. प्रिंटर असेल, एसीवरून होणारी भांडणं असतील. स्टेपलर सारखा गायब होत असेल तर त्याला कुत्र्याची साखळी बांधून द्या. वजनकाटा, डिओ, कंगवा, लग्नावरचे विनोद साफ बंद. नावाची चिठ्ठी आली असेल तर त्या माणसाची जी खोड तो स्वतःच चारचौघांत कौतुकाने सांगतो तेवढीच धरा. आणि बजेट असेल तर आत एखादी खरोखर उपयोगाची वस्तूही ठेवा, माणसाला घरी काहीतरी न्यावंसं वाटलं पाहिजे.

हो, दहा-पंधरा वर्षांची दोस्ती असेल तर वरचं सगळं विसरा, तिथे काहीही चालतं. तो स्टूलवाला माझा दोस्त नव्हता, शेजारच्या टेबलावर बसायचा इतकंच.

आता विषय निघालाच आहे तर, ते स्टूल अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. वरचा डबा काढायला रोज लागतं. मार्करची अक्षरं मात्र मी पहिल्याच रात्री थिनरने पुसून काढली. बेडकाचा एक डोळाही त्यात गेला.