मासळीबाजारातून आलेला मेंबर

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, सहा महिने झाले पंचायतीत निवडून येऊन, मीटिंगला बसते पण अर्धं काय चाललंय कळतच नाही, शिक्षण बारावी, राजीनामा द्यावासा वाटतो. राजीनाम्याचं आत्ता काढूच नको. आधी अमेरिकेतल्या अल स्मिथ नावाच्या पुढाऱ्याबद्दल ऐक.

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडचा पोरगा, जन्म 1873 चा, वडील गाडीवान, ते गेले आणि 14 व्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच, मग फुल्टनच्या मासळीबाजारात काम, आठवड्याला 12 डॉलर. 1903 ला राज्याच्या विधानसभेवर निवडून आला तो टॅमनी हॉलच्या टॉम फोलीने पुढे केलं म्हणून, आणि टॅमनी हॉल, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची न्यूयॉर्क शहरातली संघटना, भ्रष्टाचारासाठी बदनाम होतं हेही तुला माहीत असू दे. राज्याच्या राजधानीला, ऑल्बनीला, पोचल्यावर त्याची गत अगदी तुझ्यासारखीच झाली, टेबलावर विधेयकांचा ढीग, सगळी वकिली भाषा, सुरुवातीला सभागृहात गप्पच बसायचा. पण रात्री ती विधेयकं वाचत बसायचा गं, खर्चाची कलमंसुद्धा, रोज, वर्षानुवर्षं! 1911 ला बहुमतातल्या पक्षाचा सभागृहनेता झाला, 1913 ला स्पीकर.

मला त्याचं सगळ्यात मोठं वाटतं ते मधलं काम. 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवायच्या कारखान्याला आग लागली, 146 जीव गेले, बहुतेक कोवळ्या मुली, नवव्या मजल्यावरच्या एका दाराला कुलूप होतं. चौकशी आयोग नेमला, रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष आणि स्मिथ उपाध्यक्ष. कामगारांसाठी झटणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स बाईंनी स्मिथला ऑबर्नच्या दोरखंडाच्या कारखान्यावर नेलं, दहा तासांची रात्रपाळी करून बाहेर पडणाऱ्या बायका त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघाव्यात म्हणून. नुसतं हळहळून काय झालं असतं? त्याला विधेयक कसं मांडायचं, कुठे अडतं, कुणाला पटवायचं हे तोंडपाठ होतं, म्हणून पुढच्या तीन-चार वर्षांत तीसहून जास्त कायदे झाले, कामाच्या वेळी दाराला कुलूप नको, आगीची कवायत हवी, असे. पुढे चारदा गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, झाला, मध्ये 1920 ला हरला, 1922 ला परत आला.

तर तू उद्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडून, यंदाच्या अंदाजपत्रकाची प्रत मागून घे, द्यायला टाळाटाळ केली तर लेखी अर्ज दे. जिथे अडशील ते पान दुमडून ठेव आणि रविवारी घरी ये, आपण बसू.